चढाला हात टेकणारी गाडी

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, आम्ही सात आसनांची डिझेल गाडी घरी आणली. रस्त्यावर येईपर्यंत तिची किंमत १७ लाख ४० हजार रुपये झाली. त्यांपैकी ११ लाख कर्जाचे होते आणि उरलेले माझ्या व पत्नीच्या बचतीतले. आज चार वर्षांनंतर गाडीचे ५२ हजार किलोमीटर झाले आहेत. या काळात तिने आठ वेळा एकाच प्रकारे दगा दिला, त्यापायी ती एकूण ५९ दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहिली, आणि त्यातल्या पहिल्या सात वेळी ती ‘आता काही अडचण नाही’ या शब्दांसह आमच्या ताब्यात देण्यात आली. प्रकरण सध्या ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे कंपनीचे, मॉडेलचे आणि विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही. ज्यांच्याकडे हीच गाडी आहे, त्यांना लक्षणांवरून ती ओळखता येईल.

आम्ही साताऱ्याच्या गोडोली भागात राहतो. घरात आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे, आणि मूळ गाव पाटण तालुक्यात. आधीची पेट्रोलची लहान गाडी अकरा वर्षे चालली होती, परंतु आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला त्या गाडीच्या खोल आसनात बसणे आणि त्यातून उठणे जमेना. तिला वर चढावेही लागू नये आणि खाली वाकावेही लागू नये, नुसते टेकून सरकता यावे, अशा उंचीचे आसन आम्ही शोधत होतो. ते या गाडीत मिळाले. मधली रांग प्रशस्त आहे, मल्हारपेठच्या पुढच्या खराब रस्त्यावर गाडी आदळत नाही, वळणावर ती अंग टाकत नाही, आणि महामार्गावर लिटरला पंधरा-सोळा किलोमीटरचे मायलेज देते. हे गुण मी मुद्दाम आधी सांगतो, कारण गाडी मुळातच टाकाऊ असती तर आम्ही ती पहिल्याच वर्षी विकली असती आणि एवढे लिहिण्याचे कारणही उरले नसते. चांगली बनवलेली गाडी एका ठिकाणी निष्काळजीपणे बनवली गेली, आणि ते एक ठिकाण शोधण्याची तसदी कोणी घेतली नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

पहिला प्रसंग मार्च २०२२ मधला. कासकडे निघालो होतो. गाडीत सहा माणसे आणि जेवणाचे डबे. यवतेश्वरच्या घाटात अर्ध्या चढावर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि त्याच क्षणी गाडीतला जीवच गेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या पुढे जाईना, दुसऱ्या गिअरवर गाडी कशीबशी रांगत होती. कडेला घेऊन दहा मिनिटे बंद ठेवली आणि पुन्हा सुरू केली, तर दिवा तसाच, पण ताकद परत आलेली. वर्कशॉपमध्ये दोन दिवस राहून गाडी आली आणि डीपीएफमध्ये काजळी साचली होती, ती जाळून काढली, असे सांगण्यात आले.

येथे थोडे तांत्रिक सांगणे आवश्यक आहे, कारण डिझेल गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ते खरेदीपूर्वी माहीत असले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाची जाळी आली. धुरातली काजळी या जाळीत अडकते. ती भरत आली की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. ते पूर्ण होण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. गोडोलीहून पोवई नाका, तेथून मुलांची शाळा, येताना मंडई, असा दोन-तीन किलोमीटरचा तुटक वापर असेल तर इंजिन पुरते तापतही नाही, रीजनरेशन अर्धवट राहते आणि जाळी तुंबते. जाळीत किती काजळी आहे, हे ईसीयूला कळते ते एका छोट्या सेन्सरमुळे. जाळीच्या अलीकडून आणि पलीकडून दोन नळ्या या सेन्सरला येतात, आणि दोन्हीकडच्या दाबातला फरक मोजून तो काजळीचा अंदाज देतो. या सेन्सरकडून चुकीचा आकडा आला किंवा आकडाच आला नाही, तर ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी त्याची ताकद कमी करून टाकतो. आमच्या गाडीचे घाटात जे होत होते ते हेच.

‘तुमचा शहरातला वापर जास्त आहे’ हे कारण मी पहिल्या वेळी मनापासून मान्य केले, कारण ते शास्त्राला धरून होते आणि आमचा वापर खरोखरच तसा होता. मात्र एक गोष्ट तेव्हापासून मनात सलते आहे. खरेदीच्या वेळी विक्री प्रतिनिधीने आम्हाला रंग विचारला, हप्ता किती झेपेल ते विचारले, जुनी गाडी देणार का तेही विचारले. परंतु रोज किती किलोमीटर आणि कोणत्या रस्त्यावर चालवणार, हा एक प्रश्न विचारला नाही. त्याने तो विचारला असता आणि खरे उत्तर देऊन पेट्रोल गाडी सुचवली असती, तर आम्ही त्याच शोरूममधून ती घेतली असती. सातारा, सांगली, कराड यांसारख्या गावांत घरची गाडी आठवडाभर दोन-तीन किलोमीटरच्या आत फिरते आणि शनिवार-रविवारी गावाकडे जाते. अशा घरांना बीएस-६ डिझेल विकताना हे स्पष्ट सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

सल्ला मिळाल्यानंतर मी दर रविवारी सकाळी गाडी साताऱ्याहून उंब्रजपर्यंत आणि परत अशी साठ-पासष्ट किलोमीटर महामार्गावर चालवू लागलो. पाच महिन्यांत हा नेम एकदाही चुकवला नाही. त्या फेऱ्यांच्या डिझेलचा खर्च मी वहीत मांडला आहे. तरीही जुलै २०२२ मध्ये, उंब्रजहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सज्जनगडाच्या चढावर तोच दिवा लागला आणि तशीच ताकद गेली. आदल्या दिवशी तासभर महामार्गावर चाललेल्या गाडीची जाळी चोवीस तासांत कशी तुंबेल, हा माझा साधा प्रश्न होता. त्याला उत्तर मिळाले नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत करून त्याच दिवशी संध्याकाळी गाडी परत देण्यात आली.

त्यानंतरची यादी मी भरभर सांगतो. ऑक्टोबर २०२२, दिवाळीला गावी जाताना: दाबाचा सेन्सर बदलला, चार दिवस. मे २०२३: ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, बदलला, सुटा भाग आला नाही म्हणून सोळा दिवस. सप्टेंबर २०२३: डीपीएफ उतरवून साफ केला, एकवीस दिवस. फेब्रुवारी २०२४: तीन दिवस ठेवून ‘दोष आढळला नाही’. जून २०२४: दाबाचा सेन्सर दुसऱ्यांदा बदलला, सात दिवस. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांची वॉरंटी संपली आणि नोव्हेंबरात आठव्यांदा तोच दिवा लागला; त्या खेपेला गाडी पाच दिवस अडकली.

या यादीतले तीन शब्द, ‘दोष आढळला नाही’, मला सर्वांत जास्त लागले. त्यांचा उगम मला नंतर कळला. दुरुस्तीनंतर गाडीची चाचणी वर्कशॉपसमोरच्या सेवा रस्त्यावर होत असे. रस्ता सपाट, गाडीत चालक आणि एक मेकॅनिक, अंतर फार तर चार किलोमीटर. आमची गाडी सपाट रस्त्यावर मोकळी चालवताना कधीच बिघडली नव्हती. आठही वेळा ती चढावर, भरलेली असताना बिघडली होती. हे मी पहिल्या खेपेपासून सांगत होतो. यवतेश्वरचा घाट तेथून फार लांब नाही. चार माणसे बसवून एकदा वर न्या, डिझेलचे पैसे मी देतो, असे मी तिसऱ्या खेपेला लेखी दिले. चाचणीचे अंतर ठरलेले आहे, त्याबाहेर जाता येत नाही, असे उत्तर आले. ज्या परिस्थितीत रोग दिसतो ती परिस्थिती निर्माणच करायची नाही आणि मग रोग नाही असे लिहून द्यायचे, याला तपासणी म्हणता येत नाही.

जॉब कार्डांविषयी, म्हणजे वर्कशॉपमध्ये तक्रार नोंदवतात त्या कागदांविषयीही सांगायला हवे. चार वर्षांत चार वेगवेगळे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर भेटले. सगळे तरुण, बोलायला नम्र, आणि प्रत्येकाच्या टेबलावर दिवसाला पंधरा-वीस गाड्या. त्यांच्यावर माझा व्यक्तिशः राग नाही. मात्र मी जे सांगत असे आणि कार्डावर जे उतरत असे, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असे. ‘घाटात भरलेल्या गाडीची ताकद अचानक जाते, दिवा लागतो, बंद करून सुरू केल्यावर ताकद येते, याआधी चार वेळा असेच झाले’ हे माझे वाक्य. कार्डावर उतरायचे, ‘पिकअप कमी’. त्यामुळे प्रत्येक खेप नवी तक्रार ठरली, आणि संगणकावर गाडीचा इतिहास उघडला तरी एकच दोष आठ वेळा आला आहे, हे कोणाच्या डोळ्यांत भरले नाही. पाचव्या खेपेपासून मी माझी तक्रार स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहून, मागच्या तारखा घालून, कार्डाला जोडण्याचा आग्रह धरला आणि त्या कागदाच्या प्रतीवर शिक्का घेऊ लागलो. आयोगापुढे आज खरा आधार त्या शिक्क्यांच्या प्रतींचाच आहे.

सप्टेंबर २०२३ चा प्रसंग मात्र भरभर सांगून संपवता येत नाही. आईच्या गुडघ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला गेलो होतो आणि परतायला रात्र झाली. पुण्याहून येताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावाच लागे. बोगदा होता तो साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी. बारीक पाऊस होता, पुढे-मागे मालाने भरलेले ट्रक होते. घाटाच्या मध्यावर दिवा लागला आणि गाडी पंधराच्या वेगावर आली. मागच्या ट्रकचे हॉर्न सुरू झाले. डावीकडे जेमतेम जागा दिसली तेथे गाडी घेतली, पण रस्त्याचा उतार असा की हँडब्रेकवर विश्वास ठेवण्याची हिंमत होईना. मागचा ट्रकवालाही थांबला. आपण होऊन खाली उतरला, कडेचा एक मोठा दगड आणून त्याने मागच्या चाकाला उटी लावली, स्वतःच्या ट्रकचे इंडिकेटर चालू ठेवून मागच्या गाड्यांना हाताने बाजू दाखवत उभा राहिला. मी धोक्याचा त्रिकोण मागे नेऊन ठेवला. पत्नी मुलांना घेऊन कठड्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली. आईला उतरवणे शक्यच नव्हते. ती मधल्या आसनावर बसून होती आणि मी दाराशी गेलो तेव्हा म्हणाली, “माझ्या गुडघ्यांपायी तुम्हा सगळ्यांना एवढ्या लांब यावं लागलं रे.” सतरा लाखांची, दोन वर्षांची गाडी घाटात बंद पडली आणि त्याची अपराधी भावना माझ्या आईच्या मनात आली, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही. दहा मिनिटांनी इंजिन सुरू करून आम्ही वर पोहोचलो, सुरूरपर्यंत उतरलो आणि तेथून चाळीसच्या वेगाने घर गाठले. दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला पाठवली ती ट्रेलरवर चढवून.

त्या वेळी वॉरंटीत डीपीएफ साफ झाला. गाडी आल्यावर पंधरा दिवसांनी मी सहज म्हणून इंजिन ऑइल पाहिले. दांडी बाहेर काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. दोन बोटांत घेऊन पाहिले तर ते पाण्यासारखे पातळ, आणि वास स्पष्ट डिझेलचा. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल, रीजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट राहिले तर, सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइल कमी झाले की मालक घाबरतो. वाढले की त्याला काही वाटत नाही. खरे तर वाढलेले ऑइल जास्त धोक्याचे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे आणि टर्बोचे रक्षण करू शकत नाही. वर्कशॉपमध्ये दाखवले तेव्हा ‘भरताना थोडे जास्त पडले असेल’ असे सांगण्यात आले. मी पूर्ण ऑइल बदलायला लावले. ठरलेल्या वेळेच्या आधी ऑइल बदलण्याचा खर्च असा दोनदा झाला आणि दोन्ही वेळा तो आमच्याच खिशातून गेला. डिझेल गाडीचे मालक असाल तर महिन्यातून एकदा ती दांडी काढून पाहावी आणि वासही घ्यावा, ही माझी विनंती आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आठव्या खेपेला वर्कशॉपने डीपीएफ नवा घालावा लागेल असे सांगून १ लाख ३८ हजार रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. वॉरंटी संपून महिनाही झाला नव्हता. मी गाडी तशीच घेऊन आलो आणि एका शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून औद्योगिक वसाहतीत ट्रकांचे आणि गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. पत्र्याची शेड, दोन माणसांचा धंदा. त्याने आधी माझी वही पूर्ण वाचली, आणि हे त्याच्याआधी कोणी केले नव्हते. मग विचारले, “साहेब, कोड दर वेळी वेगळा निघालाय न्हवं? कधी ईजीआर, कधी दाबाचा सेन्सर?” कोड म्हणजे ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. मी हो म्हटले. “मग पार्ट वाईट नसणार. दोघांना पाच व्होल्ट एकाच वायरीतनं जातंय. वायर बघू.”

त्याने स्कॅनर जोडून सेन्सरचे आकडे पडद्यावर चालू ठेवले, इंजिन सुरू केले आणि बॉनेटखालचा वायरिंगचा जुडगा हाताने जागोजागी हलवायला सुरुवात केली. पंधरा मिनिटे काहीच झाले नाही. मग त्याने मला ब्रेक दाबून पहिल्या गिअरवर क्लच किंचित सोडायला सांगितले, म्हणजे चढावर जसा पडतो तसा ताण इंजिनावर येईल. इंजिन रबरी माउंटिंगांवर एका अंगाला कलले, आणि पडद्यावरचा आकडा एकदम शून्यावर जाऊन परत आला. ईजीआरचा आकडाही त्याच क्षणी उडाला. मग त्याने इंजिनामागे आरसा धरून टॉर्च मारला आणि मला वाकून पाहायला सांगितले. “घासलीय बघा की. पत्र्याची धार लागलीय.” इंजिनाच्या मागच्या बाजूला एका ब्रॅकेटच्या कडेवरून तो जुडगा गेला होता. तेथे त्याला धरून ठेवणारी क्लिप नव्हती. काळे आवरण दोन सेंटिमीटर लांब कापले गेले होते आणि आत एका वायरीचे तांबे चकाकत होते. इंजिन चढावर कलले की ते तांबे ब्रॅकेटला टेकायचे, पाच व्होल्टचा पुरवठा जमिनीला जायचा, आणि ईसीयूला दोन्ही सेन्सर एकदम आंधळे झालेले दिसायचे. सपाटीवर इंजिन सरळ बसले की सगळे ठीक.

त्याने वायर जोडून डाग दिला, जुडग्यावर नवी स्लीव्ह चढवली, तो ब्रॅकेटपासून चार बोटे दूर घेऊन पट्ट्याने बांधला आणि ब्रॅकेटची धार कानसने मोडली. मजुरीसह १,८०० रुपये घेतले. त्याच दिवशी आम्ही पाच जण यवतेश्वरला जाऊन आलो. त्याला आता अकरा महिने झाले; १३ हजार किलोमीटर, त्यात खंबाटकी सात वेळा, कुंभार्ली दोन वेळा, आणि तो दिवा पुन्हा लागलेला नाही. १ लाख ३८ हजारांचा डीपीएफ जुनाच आहे आणि नीट काम करतो आहे. म्हणजे मार्च २०२२ पासून बदललेले दोन सेन्सर, एक व्हॉल्व्ह आणि साफ केलेली जाळी, यांपैकी कशातही मूळ दोष नव्हता. होता तो कारखान्यात न बसवलेल्या एका क्लिपेत. शहरातल्या तुटक वापराने जाळीवर ताण पडत होता हे खरेच, आणि सेन्सर अधूनमधून आंधळा झाल्यामुळे रीजनरेशनही अर्ध्यावर तुटत होते. पण घाटात जीव जाण्याचे कारण ते नव्हते.

बाकीच्या दोषांना मी थोडीच जागा देतो. एसीची कूलिंग कॉइल दोनदा गळली, दोन्ही वेळा वॉरंटीत बदलली गेली आणि ते काम वर्कशॉपने चांगले केले. बॅटरी मात्र चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की उतरत असे. तेही त्याच कारागिराने शोधले: मागच्या दाराच्या कुलपातला स्विच दार लागले तरी उघडेच दाखवत होता, त्यामुळे एक कंट्रोल युनिट झोपतच नव्हते. बंद गाडी साधारण ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत वीज ओढते, आमची ४०० ओढत होती. दिवसाला साडेनऊ अ‍ॅम्पिअर-तास गेले तर बॅटरी आठवडाही काढणार नाही, हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. वर्कशॉपने मात्र दोनदा बॅटरीच बदलून दिली होती.

आयोगाकडे जाण्याविषयी अनेकांच्या मनात भीती असते, म्हणून मला जे कळले ते सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ती आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय कोठे आहे, हे पाहावे लागत नाही. १० ते २० लाखांच्या मोबदल्यासाठी शुल्क ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती द्यावी लागते, म्हणून ‘पुढच्या वेळी बघू’ असे म्हणत दिवस घालवू नयेत. मी तसे बरेच दिवस घालवले. वाहनाच्या बाबतीत वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादनातच दोष होता हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि आयोग स्वतःही योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेऊ शकतो. त्यामुळे काढलेला सुटा भाग वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नये, शक्य असेल तेथे मागून घ्यावा. माझ्याकडे वायरीचा तो कापलेला दोन सेंटिमीटरचा तुकडा पिशवीत घालून ठेवलेला आहे, आणि तो काढण्यापूर्वी जागेवर घेतलेले फोटो आहेत. दाखल करण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली होती; तेथून कंपनीला विचारणा गेली आणि दोन वर्षांत ज्यांनी एकदाही फोन केला नव्हता, त्यांचा फोन आठ दिवसांत आला. त्यांनी पुढील दोन सर्व्हिसिंग मोफत देऊ केल्या. मी नम्रपणे नकार दिला. मला हवे आहे ते दुरुस्तीचा, ट्रेलरचा आणि ऑइलचा झालेला खर्च, आणि हा दोष वायरिंगच्या मांडणीत होता याची लेखी कबुली.

ही कबुली का हवी, याचे कारण विट्याचे एक गृहस्थ आहेत. जून २०२४ मध्ये वर्कशॉपच्या प्रतीक्षागृहात त्यांची ओळख झाली. तेच मॉडेल, आमच्यानंतर तीन महिन्यांनी घेतलेले, आणि तक्रारही शब्दशः तीच: चढावर ताकद जाते, बंद करून सुरू केले की येते. आमची वायर सापडल्यावर मी त्यांना फोन केला आणि ते गाडी घेऊन त्याच शेडमध्ये आले. कारागिराने या वेळी स्कॅनरही लावला नाही. सरळ आरसा धरला.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम ११०-अ नुसार, रस्त्यावरच्या लोकांना धोका ठरेल असा दोष ठरावीक प्रमाणात मालकांनी नोंदवला, तर केंद्र सरकार त्या प्रकारच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहेत आणि सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू होतात. एकट्या मालकाच्या नोंदीने तेथे काही होत नाही, संख्या लागते. आम्ही दोघांनी आपापल्या नोंदी वाहन पोर्टलवर केल्या आहेत. ज्यांची सात आसनी डिझेल गाडी चढावर अशी हात टेकते, त्यांनी नवा सेन्सर किंवा नवी जाळी घेण्याआधी इंजिनाच्या मागच्या ब्रॅकेटपाशी आरसा धरून पाहावे, आणि वायर घासलेली दिसली तर फोटो काढून पोर्टलवर नोंद करावी. विट्याच्या गाडीचा फोटो माझ्या फोनमध्ये आमच्या गाडीच्या फोटोशेजारी आहे. तोच ब्रॅकेट, क्लिपेची तीच रिकामी जागा, आणि चीरही त्याच ठिकाणी.